दर्या बंद असायचा तेव्हा

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. मे संपता संपता मत्स्यव्यवसाय खात्याचं पत्रक निघतं, वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते आणि बोटी किनाऱ्याला लागतात. सत्तरच्या दशकात, माझ्या लहानपणी, हर्णैच्या बंदरावर ही तारीख कुणी कागदावर वाचत नसे. मृगाच्या आधीच वारा फिरायचा, पाणी गढूळ व्हायचं, लाट नेहमीपेक्षा लांबवर फुटायला लागायची. मग एकेक होडी सुवर्णदुर्गाच्या आडोशातून निघून आंजर्ल्याच्या खाडीत शिरायची. चार दिवसांत बंदर मोकळं. मासे घेऊन दारावर येणारी मावशी शेवटची पाटी उतरवताना आईला सांगायची, "आता पुनवेपर्यंत म्हावरं नाय." पुनव म्हणजे श्रावणातली, नारळी पौर्णिमा. तोवर दर्या बंद.

हे बंद होणं अचानक कुणाच्या अंगावर येत नसे, कारण त्याची तयारी मार्चपासून चाललेली असे. हर्णैशेजारच्या पाजपंढरीच्या वाळूवर बोंबील, वाकट्या, जवळा, मांदेली यांची वाळवणं पडलेली असत. बोंबील जोडीजोडीने, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, बांबूच्या मांडवावर बांधलेल्या दोऱ्यांवर टांगलेले. जवळा सारवलेल्या अंगणात पसरलेला, आणि कावळ्यांना हाकलायला घरातलं सगळ्यात लहान पोर हातात काठी घेऊन बसवलेलं. पण मला सगळ्यात नवल वाटायचं ते सोड्यांचं. ताज्या कोळंबीचं डोकं चिमटीत धरून मोडायचं, पोटाकडून सालाला नख लावायचं आणि एका झटक्यात आतला गर मोकळा करायचा. बोलता बोलता, समोर न बघता, एका हातातून दुसऱ्या हाताकडे कोळंबी जायची आणि सोललेल्यांचा ढीग वाढत जायचा. दिवसभर हे काम केलं की बोटांची अग्रं खारट पाण्याने आणि कोळंबीच्या काट्याने चिरलेली असत; संध्याकाळी त्यांना खोबरेल लावत बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. पाटीभर कोळंबी वाळून ओंजळभर सोडे उरायचे. आज किलोभर सोडे घ्यायचे तर हजाराच्या वर मोजावे लागतात, आणि लोक कुरकुरतात. ती बोटं ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी कुरकुरू नये.

मे महिन्यात सगळ्या पंचक्रोशीची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी व्हायची. तांदूळ, मीठ, मिरची, कोकमं, लाकूडफाटा आणि सुकी मासळी. दापोली-हर्णै एस्टीच्या टपावर सुकटीच्या पाट्या चढत आणि आतल्या प्रवाशांपैकी कुणी नाकाला रुमाल लावला तर तो परगावचा आहे हे कंडक्टरलाही कळे. पुढचे दोन-अडीच महिने घरात फणसाच्या आठळ्या घालून सुकट, वांग्यात सोडे, भाजलेला बोंबील आणि नाचणीची भाकरी. म्हणजे मासेमारी थांबली तरी मासळीचा धंदा थांबत नसे, तो बायकांच्या हातात जाई. उन्हाळ्यात वाळवलेलं पावसात गावोगाव हिंडून विकायचं, आणि त्या पैशावर कोळीवाड्याची चूल पेटती ठेवायची. या दोन महिन्यांचा खरा आधार त्या पाट्या होत्या, असं मला आज मोठ्या आदराने म्हणावंसं वाटतं.

पुरुषांचं काम खाडीच्या काठावर. होड्या ओढून वर घ्यायच्या, माडाच्या झावळ्यांनी शाकारायच्या. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचा आणि त्यावर लुकण भरायचं. घराच्या पडवीत जाळी पसरलेली असत. बांबूच्या चपट्या सुईत दोरा भरून फाटलेला एकेक आस विणून घ्यायचा. तोवर नायलॉन आलेलं होतं, पण माझ्या मित्राच्या आजोबांच्या पडवीत एक जुनं तागाचं जाळं होतं, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबडंकाळं झालेलं. सुती-तागाची जाळी कुजू नयेत म्हणून तसा काढा द्यावा लागे आणि तो देण्यासाठीही सवड लागे. लाकूड, ताग, सूत ही सगळी थकणारी, भिजणारी, कुजणारी माणसाच्या जातीची सामग्री. तिला विसावा दिल्यावाचून पुढचा हंगाम निघत नसे. आता लाकडी बोटीवरही फायबरचा थर चढवतात, जाळी कुजत नाहीत, इंजिनाची देखभाल दोन आठवड्यांत उरकते. उरलेले दिवस मालकाला नुसते मोजावे लागतात.

आणि खाणाराही थांबायचा. आषाढात ताजी मासळी मिळायची नाही आणि श्रावण लागला की बहुतेक घरांत ती कुणी मागायचं नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला सोनेरी कागदाने मढवलेला नारळ वाहून होड्या निघत, पण अर्धा श्रावण शिल्लक असे, त्यानंतर गणपती. गौरी-गणपती बोळवल्यावरच आमच्याकडे तव्यावर बांगडा पडे. मासळी पकडणं थांबलेलं असताना तिची मागणीही थांबलेली असायची, हे त्या व्यवस्थेचं मोठं बळ होतं. आज आपण पर्यावरणाच्या चर्चेत पकडणाऱ्याबद्दल इतकं बोलतो आणि खाणाऱ्याबद्दल इतकं कमी, याचं मला फार वाईट वाटतं.

पण त्या काळाला देव्हाऱ्यात बसवायचं नाही. तो संयम माशांच्या कळवळ्यापोटी नव्हता; शिडाच्या आणि छोट्या इंजिनाच्या होड्या पावसाळी समुद्रात टिकत नसत, म्हणून होता. पहिल्या पावसात ओढ्यांतून वर येणारे चढणीचे मासे, पोटात गाबोळी असलेले, आम्ही पोरं टोपल्या लावून पकडायचो आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. आणि कोळीवाड्याचे ते दोन महिने काही सुखाचे नसत. सुकट संपली, घरात आजारपण आलं, की व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची. उचल घेतली की पुढच्या हंगामातली मासळी त्यालाच द्यायची, त्याने लावलेल्या भावात. पौर्णिमेला नारळ वाहून निघालेल्या होड्यांपैकी कितीएक आधीच विकल्या गेलेल्या मासळीच्या शोधात जात होत्या. विश्रांतीची किंमत तेव्हाही कुणीतरी मोजतच होतं. फरक एवढाच की समुद्राला मात्र ती विश्रांती पुरेपूर मिळत होती.

मग इंजिनं मोठी झाली. सहा सिलिंडरची इंजिनं, बर्फाचे कप्पे, वायरलेस, पुढे जीपीएस आणि पाण्याखालचे थवे दाखवणारं यंत्र. समुद्राच्या तळावरून ओढत न्यायचं ट्रॉलचं जाळं आलं. आठवडाभर बाहेर राहू शकणारी बोट जूनच्या दर्याला पूर्वीइतकी भीत नव्हती. दर्याचं दार दर्याला लावता येईना, तेव्हा ते सरकारला लावावं लागलं. त्यासाठी लहान मच्छीमारांनी भांडण केलं, हे विसरलं जातं. गोव्यात सत्तरच्या दशकात किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांनी ट्रॉलरांविरुद्ध मोठं आंदोलन उभारलं, माथानी साल्ढाणा त्यांचे नेते होते. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा. केरळात १९८८ पासून पावसाळ्यात ट्रॉलबंदी लागू झाली. मासेमारी थांबवा ही मागणी मासे पकडूनच पोट भरणाऱ्यांनी केली होती.

महाराष्ट्रात पूर्वी १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांत जे आधी येईल तोवर बंदी असे. म्हणजे कायद्याने निदान पौर्णिमेची आठवण ठेवली होती. नंतर सगळ्या पश्चिम किनाऱ्याला एकच वेळापत्रक आलं, आणि २०१५ पासून ते ६१ दिवसांचं झालं. शेजारच्या राज्याची बोट आपल्या तोंडचा घास नेते ही तक्रार त्यामुळे कमी झाली, हे खरं. पण शेवटची तारीख ३१ जुलैवर येऊन बसली. नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टात येते. २०२४ मध्ये ती १९ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक महिन्यामुळे महिन्याच्या अगदी अखेरीस. आता नारळ वाहण्याआधीच कितीतरी बोटींच्या फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. जुने नाखवे अजूनही पौर्णिमेआधी बोट काढायला नाखूश असतात. पण शेजारची बोट भरून आलेली दिसल्यावर किती दिवस बसून राहणार?

यातून दर्याला मिळतं काय? बांगड्यासारख्या कित्येक माशांचा अंडी घालण्याचा काळ पावसाळ्यात असतो. नद्यांचं गाळ-खताचं पाणी समुद्रात उतरतं, पाण्यातली सूक्ष्म वनस्पती वाढते, पिलांना खाद्य मिळतं. ट्रॉल थांबलं की तळाची माती ढवळायची थांबते. शेकडो बोटींचं डिझेल वाचतं, तेलाचा तवंग कमी होतो, बर्फाच्या कारखान्यांची वीज वाचते. सगळ्याच जाती पावसाळ्यात वितात असं नाही, त्यामुळे ही बंदी सगळ्यांना सारखी उपयोगी पडत नाही, हेही मान्य करायला हवं. पण माझी तक्रार वेगळी आहे. ६१ दिवसांत जे वाढतं ते १ ऑगस्टपासून कसं काढलं जातं? त्या पहिल्या पंधरवड्यात दर्यात नव्याने वाढलेली, बोटाएवढी पिलं असतात, आणि बारीक आसाची जाळी त्यांनाही गोळा करून आणते. त्यांना बाजारात भाव नसतो. ती खतासाठी, कोंबड्यांच्या खाद्यासाठी जातात. दोन महिने कळ काढून जे राखलं ते कवडीमोलाने विकायचं, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. वासरासाठी एक सड सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी वासरूच विकायचं, तसं हे झालं.

महाराष्ट्राने काही चांगली पावलं उचलली आहेत. २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली, आणि २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याच वर्षी सरंगा, म्हणजे पापलेट, हा राज्यमासा झाला. पण हर्णैच्या लिलावात वाळूवर मांडलेल्या ढिगांकडे पाहिलं तर तळहातात मावेल एवढा सरंगा आजही दिसतो. बैलगाड्या पाण्यात उतरवून बोटीवरची मासळी किनाऱ्यावर आणायची जुनी रीत होती, तेव्हा याच ढिगांत ताटाला पुरून उरणारे सरंगे असत. मी ते पाहिले आहेत आणि खाल्लेही आहेत, त्यामुळे हे दुःख मला ऐकीव नाही.

पैशाची बाजू पूर्वीपेक्षा कठीण झाली आहे. होडी घरची, जाळं घरचं, खलाशी भाऊबंद, अशा धंद्यात दोन महिने बसणं म्हणजे नुसती कमाई बंद होणं. आता बोट कर्जाची, आणि बँकेचा हप्ता जून-जुलैत थांबत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बंदरांवर खलाशी म्हणून काम करणारे कितीतरी जण नेपाळचे. बंदी लागली की ते गावी जातात. परत यावेत म्हणून मालकाला उचल द्यावी लागते. पूर्वी व्यापारी नाखव्याला बांधून घ्यायचा, आता नाखवा खलाशाला. बर्फवाले, ट्रकवाले, डिझेल पंपावरची पोरं, सगळ्यांचे हात रिकामे. केंद्राची बचत आणि मदत अशी एक योजना आहे: मच्छीमाराने वर्षभरात १५०० रुपये भरायचे, सरकारने ३००० घालायचे, आणि बंदीच्या काळात तीन महिने मिळून ४५०० रुपये हाती यायचे. महिन्याला १५०० रुपये. एका कुटुंबाला यात किती दिवस निघतील हे कुणालाही समजतं. आणि ज्यांच्या नावावर बोट नाही, खलाशी म्हणूनही नोंद नाही, त्या मासे विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बायकांना कागद दाखवणं अवघड जातं. दर्याला विश्रांती साऱ्या समाजासाठी दिली जाते, पण तिचं बिल कोळीवाड्यात पाठवलं जातं.

त्यात वाराही पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही दोन वादळं पाठोपाठ आली आणि ऐन हंगामात बोटी किनाऱ्याला बांधून राहिल्या. त्या वर्षी महाराष्ट्राची सागरी मासळी सुमारे दोन लाख टनांवर घसरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीत हा ४५ वर्षांतला नीचांक होता. २०२० मध्ये टाळेबंदीने मार्च-एप्रिलमध्ये धंदा बसला, भरपाई म्हणून बंदी १५ जूनपासून ४७ दिवसांचीच ठेवली, आणि त्याआधीच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. हर्णै, आंजर्ले, केळशीच्या माडा-पोफळींच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. २०२५ मध्ये पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला होता. कायद्याचे दिवस सुरू व्हायच्या आत बोटी परतल्या. म्हणजे कायद्याचे ६१ दिवस वेगळे आणि हवामानाने हिरावून घेतलेले दिवस वेगळे. बंदी वाढवा म्हणणाऱ्याने हे दुसरे दिवसही हिशेबात धरायला हवेत.

आता मी पुण्यात राहतो. जूनमध्ये गणेश पेठेच्या मासळी बाजारात गेलं तर बंदी आहे हे कळतसुद्धा नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे आपली सुरू होऊन पंधरवडा उलटला की तिकडचा दर्या उघडतो आणि तिकडची मासळी बर्फातून इकडे येते. आंध्रच्या तळ्यांतली कोळंबी, रोहू-कटला, शीतगृहातली सुरमई आहेच. भाव थोडा चढतो, एवढंच. माझ्या ओळखीच्या घरांत आषाढातही ताजा सरंगा हवा असतो, आणि आगोटीची सुकट कुणी भरत नाही. फ्लॅटमध्ये वास येतो म्हणतात. त्यामुळे पाजपंढरीच्या ज्या बाया सुकटीवर पावसाळा काढायच्या त्यांचं गिऱ्हाईकही आटलं. थांबण्याचे दिवस कायद्याने राखले, पण त्या दिवसांत जगवणारा धंदा आपल्या खाण्याच्या सवयींनी मोडला. माझ्या मते मधल्या काळातलं हे सगळ्यात मोठं नुकसान आहे, आणि ते भरून काढता येण्यासारखं आहे. आईच्या हाताखाली आठळ्यांतली सुकट करायला शिकलेले आपल्यातले कितीतरी जण अजून हयात आहेत.

मच्छीमारांच्या संस्थांमधूनच आज मागणी होते की बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत वाढवा. मी या मागणीच्या बाजूने आहे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पिलांना आणखी थोडी वाढू दिली तर तीच मासळी पुढे वजनात आणि भावात भर घालून परत येते, हे जुन्या नाखव्यांना सांगावं लागत नाही. मात्र वाढीव दिवसांसाठी हप्ते पुढे ढकलले पाहिजेत, खलाशाला बसल्या दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे आणि महिना १५०० चा आकडा बदलला पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आहे. शेतकऱ्याला हंगाम बुडाल्यावर जे मागता येतं ते कोळ्यालाही मागता आलं पाहिजे. शहरात मासळी खाणाऱ्यांनी त्यासाठी चार पैसे जास्त मोजायची तयारी ठेवावी, आणि लहान मासा बाजारात दिसला तर तो घेऊ नये.

मदतीची यादी करायला जो अधिकारी येईल त्याने बोटींचे परवाने बघण्याआधी पाजपंढरीच्या बायांकडे जावं. मार्च-मेमध्ये कुणी किती वाळवलं, जून-जुलैत ते कुठल्या गावात काय भावाने गेलं, कुणाचा खलाशी परत आला नाही आणि कुणी कुणाकडून किती उचल घेतली, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो.